झाशीच्या उन्हात काय आंबते

घरी बिअर करायला शिकवणाऱ्या इंग्रजी पुस्तकांत एक सूचना हमखास असते: यीस्ट घातलेले भांडे झाकून खोलीच्या तापमानाला आठ-दहा दिवस ठेवून द्या. ही खोली कुठल्या गावातली, हे पुस्तक सांगत नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लंडन किंवा पोर्टलंडमधले घर असते आणि तिथे हे तापमान १८ ते २२ अंश सेल्सियसच्या आसपास भरते. तेच पुस्तक उघडून झाशीच्या इलाइट चौराह्याजवळच्या एखाद्या घरात मे महिन्यात कोणी कामाला लागले, तर पहिल्याच सूचनेपाशी गाडी अडते. बाहेर दुपारी ४३-४४ अंश असतात. २०२४च्या मे अखेरीस तर झाशीत पारा ४९ अंशांपर्यंत चढला होता. रात्र झाली म्हणून सुटका नाही, कारण दिवसभर भाजून निघालेली गच्ची आणि भिंती उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. गच्चीवरच्या टाकीतले पाणी संध्याकाळी अंघोळीलाही नकोसे होते. उन्हाळ्यात प्यायची गार, हलकी बिअर सगळ्यात जास्त हवीशी वाटावी असे हे ठिकाण आणि तीच घरात बनवायला सगळ्यात अवघड असेही हेच ठिकाण. या विसंगतीचा नीट माग काढला, तर असे दिसते की प्रत्येक हवामान आपल्याला मानवणारे सूक्ष्मजीव निवडते आणि झाशीच्या हवेने आपली निवड कधीच करून ठेवली आहे. ती यीस्टच्या बाजूची नाही.

आधी बिअर होते कशी ते पाहू. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून हलके भाजायचे. हे झाले माल्ट. ते भरडून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले, की मोड येताना तयार झालेली विकरे पिठूळ भागाची साखर करतात. गाळलेला गोड रस हॉप्सची फुले घालून तासभर उकळायचा, झटपट गार करायचा आणि मग यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. पाककृती एवढीच, पण तिच्यात दोन ठिकाणी गारवा लागतो. उकळता रस वीस अंशांवर आणायचा म्हणजे तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून नळाचे गार पाणी खेळवायचे. नळालाच कोमट पाणी असेल, तर रस त्याच्या खाली उतरणार नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी. यीस्ट काम करताना स्वतःही उष्णता सोडते आणि भांड्यातले द्रव्य खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी सहज वर जाते. बहुतेक एल जातीची यीस्टे १८ ते २२ अंशांत नेकीने वागतात, लागर जातीची ८ ते १३ अंशांत. तिशी ओलांडली की यीस्ट मरत नाही, उलट घाईला येते. या घाईत साध्या अल्कोहोलबरोबर जड अल्कोहोल आणि नको तितकी एस्टरे तयार होतात. बिअरला थिनरसारखा वास येतो आणि घोट घशाशी चरचरतो. उन्हाळ्याच्या बिअरमध्ये लपवायला जागाच नसते. काळ्या, दाट स्टाउटमध्ये अशी खोट खपून जाईलही, पण फिकट आणि पाणीदार बिअरमध्ये ती पहिल्या घोटाला कळते.

ही अडचण एकट्या झाशीची नाही. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या बव्हेरियात १५५३ साली ड्यूक पाचव्या अल्ब्रेख्टने फर्मान काढले, की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायची नाही. तिथला उन्हाळा आपल्या महाबळेश्वरला शोभेल असा, तरी तेवढ्या उबेतही बिअर नासते, हे त्या लोकांना अनुभवाने कळले होते. नासवणारे कोण ते कळायला आणखी तीन शतके गेली. लुई पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ १८७६चा. तोवर उपाय एकच होता: मार्चमध्ये जरा कडक बिअर करायची, बर्फ भरलेल्या तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवून प्यायची. बेल्जियमच्या वालोनी भागात शेतमजुरांसाठी केली जाणारी सेझोन बिअरही हिवाळ्यात गाळून उन्हाळ्याच्या कामासाठी राखली जाई. म्हणजे युरोपातली उन्हाळी बिअर ही उन्हाळ्यात पिण्याची बिअर होती, उन्हाळ्यात करण्याची नव्हे. आजच्या वाचकाला हा फरक जाणवत नाही, कारण कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्राने १८७०च्या दशकात म्यूनिकच्या बिअर कारखान्यातून सुरुवात करून तो पुसून टाकला. घरगुती फ्रिजचा पूर्वज असा बिअरच्या निमित्ताने वयात आला, हे दूध आणि भाज्या ठेवताना कोणाच्या मनात येत नाही.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी हाच धडा नकाशावर गिरवला. सुरुवातीला त्यांनी इथे बिअर करण्याचा खटाटोप फारसा केलाच नाही. लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनची आणि १८२०च्या दशकापासून बर्टनच्या कारखान्यांची भरपूर हॉप्स घातलेली पेल एल केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाजाने येई. ती इथे गार करायला साहेबाच्या घरी आबदार नावाचा वेगळा नोकर असे. सोरा पाण्यात विरघळताना पाणी गार होते, या गुणावर त्याची नोकरी चाले. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडरने अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आणला, तेव्हा आबदाराचे महत्त्व ओसरू लागले. पुढे इथेच बिअर करायचे ठरले, तेव्हा जागा निवडल्या त्या कसौली, सोलन, मसुरी आणि आज पाकिस्तानात असलेल्या मरीच्या डोंगरांत. झाशीसारख्या छावण्यांत पिणारे भरपूर होते आणि जव गंगा-यमुनेच्या मैदानात पिकत होते. तरीही धान्य डोंगरावर चढवायचे आणि पिंपे खाली उतरवायची, हा उलटा व्यवहार परवडला, कारण डोंगरावरचा गारवा फुकट होता. झाशीच्या भागातले ऊन किती कडक, हे इंग्रजी फौजेने अंगावर घेतले होते. झाशी पडल्यानंतर ७ मे १८५८ रोजी कोंच इथे लढाई झाली, तेव्हा सावलीत ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस होते. शिपाई उष्माघाताने कोसळत होते आणि खुद्द सेनापती सर ह्यू रोज त्या दिवशी पुन्हा पुन्हा उन्हाने आडवा झाला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हे सगळे शीतयंत्राच्या आधीचे. आज एसी आहे, फ्रिज आहे, मग अडले कुठे? अडत नाही, हे मान्य करायला हवे. किंबहुना एसीचीही गरज नाही. झाशीचा उन्हाळा कोरडा असतो आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडून जाताना उष्णता ओढून नेते. माठ, सुराही, वाळ्याचे पडदे आणि कूलर या तत्त्वावर चालतात. बाहेर ४३ अंश आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २२-२३ अंश दाखवतो. आंबवणाचे भांडे परातीतल्या पाण्यात उभे करून त्याला ओले सुती कापड गुंडाळले आणि पंख्यासमोर ठेवले, तर आतले तापमान पंचविशी-सत्ताविशीत राखता येते. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात ही युक्ती चालणार नाही. हा खास कोरड्या मुलुखाचा फायदा. शिवाय सगळीच यीस्टे थंडीची लाडकी नसतात. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकरी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक नावाचे यीस्ट ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर देते. नॉर्वेसारख्या थंड देशाने झाशीला शोभणारे यीस्ट सांभाळावे, ही गंमतच. गरम रसातच यीस्ट सोडायची तिथली पद्धत होती आणि त्या पद्धतीने तग धरणारी जात निवडली गेली. तंत्राच्या बाजूने पाहिले तर इलाइट चौराह्यावर बिअर होऊ शकते, हे कबूल.

ती कायद्याच्या बाजूने मात्र होऊ शकत नाही. अमेरिकेत १९७९पासून घरी ठरावीक प्रमाणात बिअर करण्याला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळाली, ब्रिटनमध्ये ती १९६३ सालीच मिळाली होती, आणि त्या देशांत राहणारी मराठी मंडळी गॅरेजमध्ये पिंप मांडून बसली तर त्यात वावगे काही नाही. उत्तर प्रदेशात १९१०चा उत्पादन शुल्क कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःसाठी का असेना. महाराष्ट्रातही १९४९च्या दारूबंदी कायद्याने हीच स्थिती आहे. पण समजा हा कायदा उद्या बदलला. तरीही माझा मूळ मुद्दा शिल्लक राहतो, कारण तो असा आहे की उन्हाळी बिअरकडून माणसाला जे हवे असते, ते यीस्टच्या अल्कोहोलातून येतच नाही.

तहान भागल्याची जाणीव पाणी रक्तात पोचण्याच्या कितीतरी आधी होते. तोंडाला आणि घशाला लागलेला गारवा, गिळण्याची क्रिया, जिभेवरची आंबट चुणूक, त्याने सुटलेली लाळ, बुडबुड्यांची टोचणी, हे सगळे मेंदूला काही क्षणांत सांगतात, की पाणी मिळाले. उन्हाळी म्हणून नावाजलेल्या बिअर तपासल्या तर हेच गुण पुढे दिसतात. बर्लिनची वाइसं बिअर लॅक्टिक आम्लाने आंबट असते आणि तिच्यात अल्कोहोल जेमतेम तीन टक्के. लाइपझिगची गोझं आंबट आणि वर खारट. शेतावर मजूर दिवसभर पीत, ती बिअर त्याहून पातळ असे. एकदा रस काढून घेतलेल्या माल्टवर पुन्हा पाणी ओतून ती काढत. अल्कोहोल मात्र मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणाऱ्या संप्रेरकाला दाबते. अ‍ॅबरडीनमधल्या शिरेफ्स आणि मॉन या संशोधकांनी १९९७ साली घाम गाळून शुष्क झालेल्या माणसांना वेगवेगळ्या तीव्रतेची पेये देऊन पाहिली. दोन टक्क्यांपर्यंतच्या पेयाने फारसा फरक पडला नाही, चार टक्क्यांच्या पेयाने लघवी वाढली आणि शरीरातले पाणी भरून यायला वेळ लागला. बाजारातली साधी बिअर पाच टक्क्यांच्या घरात असते आणि ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी त्याच्याही वर. लू लागण्याच्या दिवसांत ती तहानेवरचा उपाय म्हणून पिणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे. तिच्यात मजा असेल. मजेविरुद्ध माझी तक्रार नाही. पण मजा आणि तजेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाटलीवरची जाहिरात त्या मुद्दाम एकत्र करते.

आता हवामानाच्या निवडीकडे येऊ. ३५ ते ४५ अंश हे तापमान यीस्टला जाचक, पण दही लावणाऱ्या जिवाणूंच्या कुळाला सुखाचे. झाशीत मे महिन्यात विरजण लावले, तर दही तीन-चार तासांत बसते आणि विसरले तर संध्याकाळपर्यंत आंबटढाण होते. पिठूळ, गोड किंवा भाजीपाल्याचे कुठलेही पाणी या हवेत उघडे राहिले की लॅक्टिक जिवाणू त्यात आधी मुसंडी मारतात. बिअर करणाऱ्याच्या दृष्टीने हे शत्रू आणि त्यांना रोखायलाच हॉप्स असतात. हॉप्समधली कडू आम्ले नेमकी या जातीच्या जिवाणूंची वाढ थोपवतात आणि यीस्टला हात लावत नाहीत. आपल्याकडे त्याच जागी मोहरी आली. वाटलेल्या मोहरीला पाणी लागले की तिच्यातून नाकात झिणझिण्या आणणारे द्रव्य सुटते. ते बुरशी आणि पोट बिघडवणाऱ्या अनेक जिवाणूंना मानवत नाही, लॅक्टिक जिवाणू मात्र ते बऱ्यापैकी सोसतात. हॉप्स यीस्टचा पहारेकरी, मोहरी त्याच्या प्रतिस्पर्ध्याची. थंड देशाने एक वनस्पती निवडली, उष्ण देशाने दुसरी, आणि दोघांनीही सूक्ष्मदर्शक डोळ्याला लावण्याच्या कितीतरी आधी. उत्तर हिंदुस्थानातली कांजी ही त्या निवडीची फलश्रुती: पाणी, मीठ, वाटलेली राई, गाजर आणि ऊन.

यावर जाणकार म्हणेल, की कांजी तर होळीची. मे महिन्याशी तिचा काय संबंध? हा आक्षेप चांगला आहे, कारण त्याच्या उत्तरातून प्रक्रिया उलगडते. काळी गाजरे मार्चनंतर मिळत नाहीत, हे एक कारण. दुसरे असे, की थोड्या गारव्यात ल्यूकोनोस्टॉक कुळातले जिवाणू आघाडी घेतात आणि ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात, म्हणून होळीची कांजी जिभेवर किंचित चुणचुणते. चाळीस अंशांत त्यांना मागे सारून दुसरे लॅक्टोबॅसिलस पुढे येतात आणि ते बहुतांशी नुसते आम्ल करतात. मे महिन्यातली कांजी म्हणून लवकर आंबते आणि कमी फसफसते. गाजराच्या जागी बीट चालते, दिवस चाराऐवजी दीड-दोन पुरतात, आणि भांडे उन्हात ठेवायचे नसते, स्वयंपाकघराचा कोपराच पुरेसा तापलेला असतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्याला साधारण पंधरा ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा ताजी वाटलेली मोहरी, चिमूटभर तिखट आणि बिटाच्या जाड फोडी. काचेची बरणी, तोंडाला फडके, दिवसातून एकदा लाकडी चमच्याने ढवळणे. आंबट वास आला आणि मोहरीचा उग्रपणा निवला की गाळून फ्रिजमध्ये.

मराठी घरांकडे याहून बिअरजवळची वस्तू आहे, ती म्हणजे आंबील. जवळची अशासाठी, की ती धान्याची आहे. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ पाण्यात आणि थोड्या ताकात रात्रभर भिजवायचे, सकाळी आधणाच्या पाण्यात ओतून गुठळी होऊ न देता शिजवायचे, मीठ घालून गार करायचे आणि वरून ताक, जिरे, ठेचलेला लसूण. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असतेच. उन्हाळ्यात ती शेतावर जाणाऱ्याची न्याहारी. उकळताना जिवाणू मरतात पण त्यांनी केलेले आम्ल राहते, आणि नंतर घातलेल्या ताकातून जिवंत जिवाणू पुन्हा येतात. १७४२ साली पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर झाशीत आले, तेव्हापासून तिथे मराठी वस्ती आहे. अशा घरांना चैत्रातले कैरीचे पन्हे ठाऊक असते आणि बुंदेलखंडी शेजाऱ्यांचे मठ्ठा नि सत्तूही. आंबील या सगळ्यांच्या मधोमध बसते: पन्ह्याचा आंबटपणा, सत्तूचे धान्य, मठ्ठ्याचे मीठ. तिची उणीव एकच, बुडबुडे नाहीत. ती पिताना थोडा गार सोडा घातला, तर शुद्धतावादी रागावतील, पण तोंडाला मात्र बिअरचे सगळे हिशेब चुकते झाल्यासारखे वाटेल.

पण ही बिअर नव्हे, असे म्हणणाऱ्याला काय सांगायचे? की बरोबर आहे, नव्हे. धान्य आंबवून केलेले आंबट, हलके, गार पेय ही गरज जुनी आहे आणि बिअर हे तिच्या अनेक उत्तरांपैकी एक. रशियातली राय धान्याच्या पावाची क्वास ही बिअरची दुसरी बहीण. तिच्यात यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू सोबत राबतात आणि अल्कोहोल साधारणपणे एक टक्क्याच्या आसपास राहते. स्वच्छतेचा आक्षेप अधिक गंभीर. बिअरचा रस तासभर उकळतो, कांजी कच्चीच आंबते. म्हणून पाणी उकळलेले, बरणी गरम पाण्याने धुऊन वाळवलेली, भाजी सोललेली आणि मीठ मोजून घेतलेले, यात सूट नाही. एकदा आम्लता पुरेशी चढली, शास्त्राच्या मापाने पीएच ४.६च्या खाली आणि शक्यतो चारच्या आसपास उतरला, की घातक जिवाणूंना वाढायला जागा उरत नाही. झाशीच्या उन्हात हा टप्पा लवकर गाठला जातो, ही जमेची बाजू. पृष्ठभागावर पांढरा पातळ पापुद्रा आला तर तो काढून टाकता येतो. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर बरणी ओतून द्यावी.

ज्यांना बुडबुडे हवेतच, त्यांच्यासाठी आल्याची जिंजर बिअर उरते, आणि ती जरा जपून करायची गोष्ट आहे. इंग्लंडात घरोघरी जपलेल्या तिच्या विरजणाचा अभ्यास मार्शल वॉर्डने १८९२ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्या चिकट दाण्यांत एक यीस्ट आणि एक जिवाणू परस्परांना धरून राहताना सापडले. आपल्या घरात तेवढे नसले तरी आले, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट पुरते. यीस्ट एक ग्रॅम साखरेतून जवळजवळ अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड काढते, आणि पाणी जितके गरम तितका तो वायू त्यात कमी मुरतो. राहिलेला सगळा झाकणावर दाब देतो. थंड देशात आठवडाभर टिकणारी काचेची बाटली चाळीस अंशांत रात्रीतून फुटते आणि काचा भिंतीत रुततात. बाटली म्हणून प्लास्टिकचीच घ्यावी, सोड्याची रिकामी असते तशी, आणि वर चार बोटे जागा सोडावी. मे महिन्यात सकाळी भरलेली बाटली दुपारी दाबून पाहावी. अंगठ्याखाली ती दबेनाशी झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे यीस्ट निजते आणि अल्कोहोलही अर्ध्या टक्क्याच्या आसपास थांबते. दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर राहिली, तर दाब आणि अल्कोहोल दोन्ही वाढतात आणि मग प्रश्न काचेचा राहत नाही, कायद्याचा होतो.